लेकरांसोबत रानवाटा: मराठवाड्यात सावली आणि पाण्याचा हिशोब

कुठल्याही वाटेबद्दल लोक आधी विचारतात, "किती किलोमीटर आहे?" लेकरं सोबत असतील तर हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे की सकाळी साडेदहानंतर त्या वाटेवर सावली कुठे असते. सहा वर्षांचं पोर सकाळी सातला तीन किलोमीटर उड्या मारत जातं. तेच पोर अकरा वाजता उघड्या माळावर अर्ध्या किलोमीटरात बसकण मारतं आणि मग त्याला खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणावं लागतं.

आपलं रान शुष्क पानझडीचं आहे. साग, सालई, धावडा, पळस, खैर ही झाडं पावसाळ्यात गच्च दिसतात, पण साग जानेवारीच्या अखेरीस पानं गाळायला लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोबाईलच्या नकाशावर हिरवागार दिसणारा पट्टा प्रत्यक्षात उभ्या काठ्यांचं रान असतो. तिथं सावली शोधायला गेलेलं कुटुंब वाळक्या पानांच्या कुरकुरीवरून उन्हात चालत राहतं. त्या दिवसांत सावली मिळते ती ओढ्याकाठी. उंबर, करंज, जांभूळ, अर्जुनसादडा यांची मुळं ओलीपर्यंत गेलेली असतात, म्हणून त्यांची पानं टिकतात. फेब्रुवारीनंतर सहल काढायचीच असेल तर ओढ्याच्या कडेकडेने जाणारी वाट घ्या, डोंगरधारेवरची नको.

डोंगराचं अंगही बघायचं. अजिंठ्याच्या रांगेचे कडे उत्तरेला, खानदेशाच्या बाजूला तुटलेले आहेत. आपल्या बाजूने ही रांग हळूहळू चढते. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे उत्तरेकडे उघडणाऱ्या दऱ्या दुपारीही गार राहतात. कुठल्याही टेकडीचा पश्चिम उतार सकाळी सावलीत असतो आणि पूर्व उतार दुपारनंतर. म्हणजे सकाळची चढण पश्चिमेकडून ठेवली की तासभर ऊन चुकतं.

कोणत्या महिन्यात काय

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर धबधबे आणि हिरवाई, पण हेच दिवस ओढ्यांच्या लोंढ्याचे. ऑक्टोबरमध्ये वाटा वाळतात, गवत कमरेएवढं होतं आणि ऊन मी म्हणतं; या महिन्याला लोक फसतात, कारण हिरवं दिसतं म्हणून गार असेल असं वाटतं. नोव्हेंबर ते जानेवारी हा लेकरांसाठी सगळ्यात चांगला काळ. पाणथळावर पाहुणे पक्षी, शिवारात ज्वारी, डिसेंबर-जानेवारीत हुरडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, तो बघायला सकाळी दोन तासांची फेरी पुरे. एप्रिल-मेमध्ये लहान मुलांना घेऊन रानात जाऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. शहरात असाल तर त्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या हिमायत बागेसारख्या जुन्या झाडांच्या जागी पहाटे एक फेरी मारा आणि आठच्या आत घरी या.

वेळेचा हिशोब

मोठा माणूस सपाटीवर तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. पाच ते आठ वर्षांचं मूल सोबत असेल तर दोन किलोमीटर धरा, नऊ ते बारासाठी तीन. प्रत्येक १०० मीटर चढाईला वीस मिनिटं वाढवा. दर चाळीस मिनिटांनी दहा मिनिटांचा थांबा आणि खाण्यासाठी एकदा अर्धा तास.

समजा वाट जाऊन-येऊन चार किलोमीटर, चढ दीडशे मीटर आणि बरोबर सात वर्षांची मुलगी आहे. चालायला दोन तास, चढाचा अर्धा, थांब्यांचा अर्धा, खाण्याचा अर्धा: साडेतीन तास झाले. ऑक्टोबरमध्ये सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. पावणेसातला पहिलं पाऊल टाकलं तर सव्वादहाला गाडीपाशी. हेच साडेआठला निघालात तर परतीचा सगळा टप्पा बारा वाजेपर्यंतच्या उन्हात. पहिलं पाऊल पावणेसातला, घरातून निघणं नव्हे, हे आदल्या रात्री सगळ्यांना नीट सांगून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि ऊन सोसवतं, तेव्हा आठला निघालं तरी चालतं. पण त्या दिवसांत संध्याकाळी सहाच्या आत अंधारायला लागतं, हेही ध्यानात असू द्या.

परत फिरण्याची वेळ घरीच ठरवा आणि ती दोन गोष्टींवर बांधा: घड्याळ आणि पाणी. ठरलेली वेळ झाली किंवा निम्मं पाणी संपलं, यातलं जे आधी होईल तिथून मागे. धबधबा पाचशे मीटरवर राहिलेला असला तरीसुद्धा. लेकरं थकल्याचं तोंडाने सांगत नाहीत. आधी बडबड थांबते, मग ठेचा लागायला लागतात, मग भांडण. बडबड थांबली की तिथेच बसायचं.

संभाजीनगरच्या बाजूला

वेरूळला बहुतेक लोक कैलास लेणं बघून परततात. लेकरांसाठी चालण्याची खरी मजा पुढे आहे. सोळाव्या लेण्यापासून उत्तरेकडे डोंगराच्या कुशीने एकोणतिसाव्या लेण्याकडे जा. त्याच्या बाजूला पावसाळ्यात धबधबा कोसळतो, त्या जागेला सीतेची न्हाणी म्हणतात. त्याही पुढे जैन लेणी, ३० ते ३४. कैलास लेण्याच्या बाजूने वर चढून कड्यावरून खाली कळस बघता येतो. लेणं वरून खाली कोरलंय हे दहा वर्षांच्या मुलाला तिथं एका नजरेत कळतं. पण तो काठ उघडा आहे. आठ वर्षांखालच्या मुलाचा हात तिथं सुटता कामा नये, आणि पावसात त्या काठाकडे जाऊच नये. लेणी मंगळवारी बंद असतात. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी आणि श्रावणातल्या शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची, त्या दिवशी रस्त्यातच सकाळ जाते.

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद. खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावायची आणि तिथून चार किलोमीटर एसटीच्या बसने. पहिली बस पकडा. लेण्यांचा घोड्याच्या नालासारखा कडा समोरून बघायचा तर वाघोरा नदीवरचा पूल ओलांडून समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटकडे चढावं लागतं. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली ती याच बाजूने. चढ दमवणारा आहे. दहा वर्षांपुढच्या मुलांना जमतो, त्याखालच्यांना नदीकाठ आणि पुलापर्यंतच ठेवा. क्रमही महत्त्वाचा: आधी चढ, मग लेणी. लेण्यांत सावली असते, ती उन्हाच्या वेळेसाठी राखून ठेवायची. बहुतेक जण उलटं करतात आणि बारा वाजता डोंगर चढायला लागतात.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य हे मराठवाड्यातलं मोठं रान. १९८६ मध्ये घोषित झालं, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, कन्नड आणि चाळीसगाव या दोन तालुक्यांत पसरलेलं. इथं बिबट्या आहे, नीलगाय आहे, रानडुकरं आहेत. वनविभागाच्या नाक्यावर नोंद करा, कुठल्या वाटा चालू आहेत ते तिथंच विचारा आणि वाट सोडू नका. लेकरांना लघवीसाठी एकट्याने झुडपामागे पाठवायचं नाही. एक मोठं माणूस बरोबर जाईल, पाठ करून उभं राहील. दरीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि घरी कुणाला तरी वाटेचं नाव व परतीची वेळ सांगून निघा.

याच रानातली पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. जायला दरीत पायऱ्या उतराव्या लागतात. उतरताना मुलं पळतात आणि पालक खूश असतात, पण चढ परतीत येतो, तोही उन्हात. इथला हिशोब उलटा करा: उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. काळ्या दगडावर शेवाळ हिरवं दिसतंच असं नाही, नुसतं ओलं काळं दिसतं. दगडावर बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर मुलाला आधाराशिवाय पाय ठेवू देऊ नका.

देवगिरी किल्ला चालायला सोपा वाटतो, पण पायऱ्या उंच आणि असमान आहेत. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी चांदमिनार, हत्ती हौद, भारतमाता मंदिर एवढा सपाटीचा भाग पुरेसा आणि सुंदर. अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेने, वर जायचं तर प्रत्येक मोठ्या माणसाकडे टॉर्च हवी. मोबाईलचा उजेड नको, एक हात मुलासाठी मोकळा हवा. वटवाघळांचा वास उग्र असतो, लहान मुलं घाबरतात. आधी सांगून ठेवलं की बरं. शहराजवळ अर्ध्या दिवसाची सोय हवी असेल तर बीबी का मकबऱ्यामागची औरंगाबाद लेणी. दोन गट साधारण किलोमीटरभर अंतरावर, पायऱ्या थोड्या. पाळण्यातल्या वयापासून पुढच्या सगळ्यांसाठी म्हैसमाळचं पठार बरं. खुलताबादहून बारा किलोमीटर, चढ गाडीच चढते, वर सपाटीवर चालायचं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धुकं असलं की कड्याच्या काठापासून दूर राहा.

बालाघाटाच्या बाजूला

सौताडा पाटोदा तालुक्यात, जामखेडजवळ. विंचरणा नदी इथं कड्यावरून थेट खाली पडते. धबधबा वरून बघता येतो आणि पायऱ्यांनी दरीत उतरून रामेश्वराच्या देवळापर्यंतही जाता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये वरूनच बघा, सप्टेंबरअखेर पाण्याचा जोर ओसरला की खाली उतरा. बीडजवळचं कपिलधार म्हणजे मन्मथस्वामींचं समाधिस्थान आणि धबधबा. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत तिथं पाय ठेवायला जागा नसते, ते दिवस टाळा.

नायगावचं मयूर अभयारण्य पाटोदा तालुक्यातच आहे, १९९४ चं. मोर बघायचे तर सकाळी सहा ते आठ, पाण्याच्या जागेजवळ, गप्प बसून. लेकरांना वीस मिनिटं गप्प बसवण्याचा एकच उपाय आम्हाला माहीत आहे: प्रत्येकाच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि किती वेगवेगळे आवाज ऐकू येतात त्याच्या खुणा करायला लावा. पावसाळा सरताना मोरांची पिसं गळतात. अभयारण्यातून एक पीसही उचलून आणायचं नसतं, हे मुलांना आत शिरण्याआधी सांगा, नंतर रडारड होते. बालाघाटात ऑक्टोबरमध्ये सीताफळं पिकतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. झाडावरचं तोडू नका, रस्त्याकडेला विकायला बसलेल्यांकडून घ्या. बिया फोडू देऊ नका. त्यांचा चुरा डोळ्यात गेला तर डोळा भयंकर चुरचुरतो.

येडशीचं रामलिंग हे आमच्या मते लहान मुलांच्या पहिल्या रानफेरीसाठी मराठवाड्यातलं सगळ्यात सोयीचं ठिकाण. धुळे-सोलापूर महामार्गाजवळ, येडशीला रेल्वे स्टेशनही आहे. देऊळ दरीत, झाडीत, बाजूने ओढा. पाऊस झाला की धबधबा. अभयारण्य छोटं, सुमारे २२ चौरस किलोमीटर. इथली अडचण एकच, माकडं. त्यांना पिशवीचा आवाज ओळखता येतो. कुरकुरणारी प्लॅस्टिकची पिशवी काढली की ती आलीच. खाणं कापडी पिशवीत, डब्यात ठेवा, मुलांच्या हातात उघडं केळ देऊ नका. माकड अंगावर आलं तर वस्तू ओढाताण न करता सोडून द्या, दात दाखवून हसू नका आणि पाठ दाखवून पळू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात सांडव्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. तटावरून चालणं सोपं, पण सावली जवळपास शून्य, म्हणून सकाळी आधी तट आणि उन्हाच्या वेळी महाल.

लातूरकरांसाठी चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट, औषधी वनस्पतींसाठी नावाजलेलं, आणि उदगीर तालुक्यातलं देवर्जनजवळचं हत्तीबेट. दोन्ही टेकड्या दोन-अडीच तासांत होतात.

पाण्याकाठी

पैठणला गोदावरीवरचं जायकवाडी धरण, त्याचा जलाशय नाथसागर. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ पासून आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रोहित, पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक दिसतात. आठ पट दाखवणारी एक दुर्बीण चार जणांत पुरते. त्याहून मोठी मुलांच्या हातात हलते आणि काहीच दिसत नाही. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, नाहीतर सगळे पक्षी काळे दिसतात.

नाथसागराच्या काठाचा गाळ मात्र फसवा असतो. पाणी मागे हटलं की वरचा थर वाळून त्याला भेगा पडतात, वरून घट्ट दिसतो. पाण्याच्या दिशेने जाता जाता भेगा बारीक होत जातात, मग दिसेनाशा होतात, आणि तिथून पुढे पाय घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत रुततो. भेगा संपल्या तिथंच थांबायचं. मूल रुतलंच तर एका हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. चप्पल-बूट सोडून द्या, मुलाला मागे बसवा, काखेत दोन्ही हात घालून मागच्या दिशेने सरकवत काढा. धरणाच्या खालच्या पात्रात पावसाळ्यात उतरू नका. भोंगा वाजला की दरवाजे उघडणार म्हणून समजा आणि ताबडतोब काठाच्या वर चढा.

डोंगरातल्या ओढ्यांचं वेगळं. आपला दगड काळा, माती पातळ, पाणी मुरत नाही, धावतं. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर पाच किलोमीटरवर पाऊस झाला तरी घोट्याएवढा ओढा पंधरा-वीस मिनिटांत छातीएवढा होऊ शकतो. खुणा अशा: निवळ पाणी अचानक गढूळ होतं, वाळकी पानं आणि काटक्या वाहत यायला लागतात, आवाज खोल होतो. यातली एकही दिसली की सामान तिथंच टाका आणि उंच काठावर जा, आणि ज्या बाजूला गाडी आहे त्याच बाजूला जा. पलीकडे अडकलात तर ओढा उतरेपर्यंत बसून राहायचं; तीन-चार तासांत बहुतेक ओढे उतरतात. दोरीने, साखळी धरून, मूल खांद्यावर घेऊन ओलांडायचा प्रयत्नच नको. गुडघ्याच्या वर आणि वेगात असलेलं पाणी मोठ्या माणसालाही उलटवतं. धबधब्याखालच्या कुंडात मुलांना सोडू नका. नांदेड जिल्ह्यात इस्लापूरजवळचं पैनगंगेवरचं सहस्रकुंड तर पावसाळ्यात लांबूनच बघायचं ठिकाण आहे, खडकावर उतरून फोटो काढायचं नाही. किनवटच्या सागवानी रानातली फेरी आणि सहस्रकुंड हे थंडीत एकत्र जमतं, तेव्हा खडकही कोरडे असतात.

वीज हा आणखी एक मुद्दा. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग भरून येतात. दामिनी ॲपवर आसपास वीज पडतेय का ते दिसतं. गडगडाट ऐकू आला की माळावरच्या एकट्या झाडाखाली जाऊ नका. गाडीत काचा लावून बसा. गाडी लांब असेल तर खोलगट जागी पाय जुळवून उकिडवे बसा, एकमेकांपासून अंतर ठेवून.

पाठीवर काय

आधी पाणी. थंडीत मोठ्या माणसाला तासाला अर्धा लिटर, सहा ते दहा वर्षांच्या मुलाला तीनशे मिलीलिटर. दोन मोठे, दोन लहान, साडेतीन तास: साडेतीन आणि दोन-सव्वादोन, म्हणजे साधारण पावणेसहा लिटर. वर दीड लिटर राखीव. सव्वासात लिटर पाठीवर आणि पाच लिटरचा कॅन गाडीत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात दीडपट करा. ओढ्याचं पाणी कितीही निवळ दिसलं तरी प्यायचं नाही, वर जनावरं बसलेली असतात. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त ओझं नको, पण स्वतःची बाटली त्याच्याचकडे द्या. मग ते आपणहून पितं.

खाण्यात धपाट्यांना तोड नाही. तेल लावून भाजलेले ज्वारीचे धपाटे संध्याकाळपर्यंत मऊ राहतात, बरोबर शेंगदाण्याची चटणी. गुळाच्या दशम्या दुसऱ्या दिवशीही चालतात. दही नको, सांडतं आणि उन्हात आंबतं. दर थांब्याला मूठभर काहीतरी: फुटाणे-गूळ, शेंगदाणे, खजूर. बिस्किटं तहान वाढवतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा धरून. एवढं मिश्रण एका बाटलीत तयारच न्या. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर लहान मुलाला उलट त्रास होतो.

कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती, फिकट रंगाचे. जीन्स भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात. बूट नवे नकोत, आठ दिवस शाळेत वापरलेले हवेत. पावसाळ्यात काळ्या रानातून जाणारी पांदण टाळा: दहा पावलांत बुटाला दोन किलो चिखल चिकटतो आणि मूल रडकुंडीला येतं. मुरमाड वाट लांबची असली तरी तीच घ्या. शेतातून जायचं झालं तर बांधावरून, एकामागे एक, आणि कुणी दिसलं तर विचारून.

चालताना

सगळ्यात हळू चालणारं मूल सर्वांत पुढे, त्याच्या लगेच मागे एक मोठं माणूस. सगळ्यात शेवटी दुसरं. पुढे धावणाऱ्या मोठ्या पोराला "पुढच्या वळणापर्यंत जा आणि थांब" एवढीच मोकळीक द्या. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी. नियम एकच शिकवा: हरवलास तर जिथं आहेस तिथंच एखाद्या झाडाला धरून बस आणि तीनदा शिट्टी मार. हरवलेली मुलं चालत राहिली की सापडायला वेळ लागतो.

आग्या मोहोळ लेण्यांच्या छतांना, कड्यांना, उंच झाडांना लोंबतं. आत शिरण्याआधी वर बघायची सवय लावा. दगड, धूर, आरडाओरडा यांनी माशा उठतात. उठल्याच तर झटकत उभं राहू नका. मुलाचं तोंड ओढणीने झाका आणि पळा, बंद गाडीत किंवा खोलीत शिरेपर्यंत. पाण्यात उडी मारणं कामाचं नाही, माशा वर घिरट्या घालत राहतात. काटे चिमटीत न धरता नखाने खरवडून काढा. ओठ, डोळे सुजले, धाप लागली किंवा खूप डंख झाले तर लगेच १०८.

साप बहुतेक वेळा स्वतःच जातो. दगड-लाकूड उलटू नका, गवतात काठी आपटत चाला. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. पैंजण, जोडवी, अंगठ्या, कडं आधी काढा, कारण सूज चढते. पाय मोडल्यासारखा काठी-पट्टीने स्थिर करा, मुलाला उचलून न्या, चावल्याची वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करून प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. वाटेत कुणी मांत्रिकाचं घर दाखवील, तिकडे वळू नका. वन्यप्राणी किंवा वणव्याबाबत वनविभागाचा क्रमांक १९२६.

उन्हाचा त्रास ओळखा: चेहरा लाल, डोकं दुखतं, मळमळतं. सावलीत निजवा, पाय थोडे वर, मानेला-काखेला ओलं फडकं, घोटघोट मीठ-साखरेचं पाणी. मूल बरळायला लागलं किंवा जागं राहीना तर तोंडात काही घालू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ बोलवा.

बाकी किरकोळ. खाजकुइरीच्या मखमली शेंगा थंडीत वाळतात, त्यांना हात लागू देऊ नका. लागलाच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे लव निघते, मग धुवा. घरी आल्यावर कानामागे, काखेत, जांघेत गोचीड बघा, विशेषतः गुरं चरतात त्या रानातून आला असाल तर. आणि मोजे तसेच पाण्यात टाकू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांत कुसळं अडकलेली असतात. कुसळाची शेपटी ओली झाली की पीळ घेत फिरते आणि टोक धाग्यांत आणखी आत जातं. धुतल्यावर ते दिसत नाही, पुढच्या वेळी मुलाच्या घोट्याला टोचतं तेव्हा कळतं. मोजे कोरडे असतानाच उलटे करा आणि कुसळं आतल्या बाजूने, टोकाकडून ओढून काढा.